इंग्रजीच्या वर्गाला अख्खं पुस्तक लावायचंय, कोणतं लावू?

प्रश्न:

सर, नमस्कार. खान्देशात तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमचं कॉलेज अलीकडेच स्वायत्त झालं. एस. वाय. बी. ए.ला दोन क्रेडिटचा इंग्रजीचा पेपर आहे, त्याला आजवर उताऱ्यांचं पुस्तक होतं. यंदा अभ्यासमंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, कथा-कादंबरी नको, नॉनफिक्शनचं एक अख्खं पुस्तक लावून बघू. सगळ्यांनी मान डोलावली आणि निवड माझ्याच गळ्यात पडली. वर्गात घरी अहिराणी, गुजरी, पावरी, भिली बोलणारी मुलं आहेत. बरीचशी त्यांच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. माझ्या मनात डॉ. कलामांचं 'विंग्ज ऑफ फायर' आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला वाचून घेतात ते हेन्रिएटा लॅक्सवरचं पुस्तकही आवडलं. आमचे विभागप्रमुख म्हणतात, व्यक्तिमत्त्व विकासाचं एखादं खपाचं पुस्तक लावा, इंग्रजी सोपं असतं, मुलांना उपयोगही होईल. लायब्ररीचं बजेट जेमतेम. मुलं गाईडवर पास होतात, आता मोबाईलवर सारांशही मिळतो. अख्खं पुस्तक लावण्याचा हट्ट चुकतोय का? आणि लावायचंच तर कोणतं?

उत्तर:

नमस्कार मॅडम,

हट्ट चुकत नाहीये, तो सोडू नका. मात्र तुमच्या पत्रातल्या तिन्ही पुस्तकांना या वर्गासाठी माझा नकार आहे. तो का, आणि त्याऐवजी काय, ते सविस्तर लिहितो.

आधी अख्ख्या पुस्तकाचं. उताऱ्यांच्या पुस्तकात मुलाला तीन-चार पानं मिळतात, खाली शब्दार्थ असतात, मागे पाच प्रश्न. संपादकानं तो उतारा निवडलेलाच असतो तेवढ्यात अर्थ पुरा व्हावा म्हणून. मुलाला धरून ठेवायचं काही उरत नाही. अख्ख्या पुस्तकात लेखक विसाव्या पानावर एक विधान करतो, पुढची शंभर पानं त्याचे पुरावे देतो, मध्येच स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट सांगतो, शेवटी मूळ विधान थोडं बदलूनच ठेवतो. हे सगळं डोक्यात घेऊन चालणं, 'मागे हा असं म्हणाला होता की' हे आठवणं, पानं उलटून खात्री करणं, ही सवय उताऱ्यातून लागत नाही. तुमची निम्मी मुलं पुढे पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीच्या अभ्यासात शिरतील. तिथे पुन्हा तुकडेच वाचायचे असतात. एखाद्या माणसाचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घ्यायची संधी या दोन क्रेडिटांतच आहे, ती त्यांना द्याच.

आता निवडीची कसोटी. आपण साधारण तीन गोष्टी बघतो: पुस्तक गाजलेलं आहे का, इंग्रजी सोपं आहे का, मुलांना 'प्रेरणा' मिळेल का. मी यातली एकही पहिली धरणार नाही. माझा पहिला प्रश्न असा असतो की या पुस्तकात असं काय आहे, जे माझ्या वर्गाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे? कपाशीवर फवारणी करून आलेल्या मुलाला विषाचा वास ठाऊक आहे. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर सुट्टीत देठं खुडायला जाणाऱ्या मुलीला मजुरीचा हिशेब ठाऊक आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली, त्यातल्या एखाद्या घरचा नातू तुमच्या वर्गात बसलेला असेल. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की घर सांभाळणारी मुलं तर असतीलच. वर्गातल्या मुलाकडे विषयाची माहिती आणि तुमच्याकडे भाषा असली की दोघांना एकमेकांची गरज पडते. तो 'माले काही समजनं नही' म्हणून मागे बसून राहत नाही, कारण त्याला सांगायचं असतं. इंग्रजी मग त्या सांगण्याच्या कामाला येते. पुस्तक असं हवं.

याचा अर्थ पुस्तक आपल्याच गावचं हवं असा नाही. पण एक छोटा मजकूर योगायोगानं आपल्या खान्देशातलाच आहे आणि तुमची सुरुवात मी त्यानं करेन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. हे पूर्ण लांबीचं पुस्तक नाही, थोडक्या पानांच्या आठवणी आहेत. महाराष्ट्र शासनानं प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्या आहेत. त्यातला एक प्रसंग चाळीसगावचा.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते, खान्देशचं काम त्यांच्याकडे होतं. ते आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या मार्गावरच्या एका गावात बहिष्काराचं प्रकरण होतं, त्याची माहिती घ्यायची होती. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी स्टेशनावर येऊन रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. बाबासाहेब त्या गावी जाऊन आले. परत चाळीसगावला उतरले तर टांगा लवकर येईना. वाट बघत बसले. शेवटी टांगा आला, त्यात बसले, थोडं अंतर गेल्यावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर जोरात आदळलं. घोडा आणि टांगा नदीत, बाबासाहेब फरशीच्या दगडांवर फेकले गेले. पाय मोडला, कितीतरी दिवस ते जागेवरून हलू शकले नाहीत.

उशीर का झाला आणि हाकणारा इतका नवखा का होता, हे बाबासाहेब आपल्याला आधी सांगत नाहीत. अपघात होऊन गेल्यावर त्यांना जसं कळलं तसं सांगतात. स्टेशनावरचा एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणं वस्तीतल्या लोकांना बरं वाटेना. मग तोड निघाली: टांगेवाला टांगा भाड्यानं देईल, पण हाकणार नाही. म्हणून वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला, ज्याला ते काम येत नव्हतं. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही स्वतःला वरचा समजणाऱ्या त्या टांगेवाल्यावर हा प्रसंग संपतो.

वर्गात हे वाचताना आधी जातीवर बोलू नका. आधी एवढंच विचारा की कारण शेवटी का सांगितलं? पहिल्या ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? एखादी मुलगी म्हणेल, मग आम्हाला धक्का बसला नसता. दुसरा म्हणेल, त्यांना स्वतःलाच तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून खरं तसंच लिहिलं. दोन्ही बरोबर आहेत, आणि या दोन उत्तरांत नॉनफिक्शन वाचायची अर्धी विद्या आली. घडलेली गोष्ट सांगतानाही लेखक क्रम निवडतो, काय कधी उघड करायचं ते ठरवतो. चाळीसगाव-धुळे गाडीनं ये-जा करणारी मुलं वर्गात असतील तर स्टेशन, नदी, फरशी यावर ती तुम्हालाच दुरुस्त करतील. करू द्या.

पहिले दोन आठवडे यात घालवा. मग अख्खं पुस्तक.

आता तुमची तीन पुस्तकं. 'विंग्ज ऑफ फायर'चं इंग्रजी साधं आहे, माणूस वंदनीय आहे, प्रत मिळायला सोपी. माझी अडचण तो आदरच आहे. कलामांबद्दलची उत्तरं मुलं पुस्तक न उघडता लिहू शकतात: गरिबी, कष्ट, स्वप्न, देश. ज्या पुस्तकाशी 'हे मला पटलं नाही' असं म्हणायला मूल धजावत नाही, ते पुस्तक शिकवायला अवघड असतं, वाचायला कितीही सोपं असो. ते लायब्ररीत दर्शनी ठेवा, मुलं आपणहून नेतील.

हेन्रिएटा लॅक्सचं पुस्तक मला फार आवडतं. रिबेका स्क्लूट यांनी ते २०१० साली प्रसिद्ध केलं. १९५१ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, त्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या, जगभर संशोधनाला वापरल्या गेल्या, आणि घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. संमती म्हणजे काय हे शिकवायला याच्याइतकं चांगलं पुस्तक मला माहीत नाही. पण ते जाड आहे, काळ मागेपुढे उड्या मारतो, जीवशास्त्राचा भाग बराच. तुमच्या हातात ३० तास आहेत. तुमच्या कॉलेजला बी. एस्सी. असेल तर त्या वर्गासाठी जपून ठेवा.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकाला मात्र माझा विरोध आहे आणि तो विभागप्रमुखांना स्पष्ट सांगा. अशा पुस्तकात पहिल्या प्रकरणात जे सांगितलंय तेच शेवटच्या प्रकरणात असतं, उदाहरणं तेवढी बदलतात. वाचत गेलं तरी काही साठत नाही, म्हणजे अख्खं पुस्तक लावण्याचं कारणच उरत नाही. शिवाय त्यातली यशाची उदाहरणं तपासायची कशी, हे कुणी सांगत नाही. शेतीचा भाव पडल्यामुळे बहिणीचं शिक्षण थांबलेल्या मुलाला 'मनात आणलं तर सगळं शक्य आहे' हे सत्रभर वाचायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. उपयोगाचीच गोष्ट असेल, तर सलग दीडशे पानं वाचून त्यावर दोन पानं स्वतःचं लिहिता येणं याहून उपयोगी काय देणार आपण?

माझी निवड सांगतो: बेबी कांबळे यांचं 'द प्रिझन्स वी ब्रोक'. मूळ मराठी 'जिणं आमुचं', इंग्रजी अनुवाद माया पंडित यांचा, २००८ सालचा. दोनशे पानांच्या आत आटोपतं. फलटणकडची बाई, किराणा दुकान चालवणारी. दुकानात बसून पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायची आणि घरच्यांच्या नजरेआड लिहायची. वर्षानुवर्षं लिहिलेलं लपवून ठेवलं. इंग्रजी आवृत्तीच्या शेवटी अनुवादिकेनं घेतलेली त्यांची मुलाखत आहे, त्यात हे येतं. मी तर मुलाखत आधी वाचून घेईन. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईनं हे लिहिलं, एवढं कळल्यावर वर्गातल्या मुली सावरून बसतात.

हे पुस्तक का? एक तर यातलं जग तुमच्या मुलांना अर्धं ओळखीचं आहे: आषाढ, देवाचं अंगात येणं, सासुरवास, लग्नातलं कर्ज, भूक. मुलूख वेगळा असला तरी बाई जात्यावर बसल्यावर काय बोलते हे कुणाला समजावावं लागत नाही. दुसरं, लेखिका कुणालाच सोडत नाही. वरच्या जातींनी काय केलं ते ती सांगतेच, पण आपल्याच वस्तीतल्या पुरुषांनी बायकांचं आणि सासवांनी सुनांचं काय केलं तेही तितक्याच कडकपणे सांगते. त्यामुळे वर्गात 'ते' आणि 'आपण' अशी सोपी वाटणी टिकत नाही. गुजर घरची मुलगी, पावरा घरची मुलगी आणि बौद्ध घरची मुलगी तिघींनाही त्या सुनेत काहीतरी दिसतं. तिसरं, पुस्तक कुठूनतरी कुठेतरी जातं. सुरुवातीची वस्ती आणि बाबासाहेबांचं म्हणणं ऐकून पोरांना शाळेत धाडणारी वस्ती एकच, पण माणसं बदललेली. हा बदल कुठल्या पानापासून सुरू होतो, ते मुलांनी शोधायचं.

आणि मूळ पुस्तक मराठीत आहे ही अडचण समजू नका. मुलं मराठी वाचून इंग्रजीचं उत्तर लिहितील ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. वाचू द्या. मराठी वाचलेलं मूल इंग्रजी पानावर परत येतं तेव्हा त्याला अर्थाची धास्ती नसते, तो वाक्य कसं बांधलंय ते बघू शकतो. एखादं पान दोन्ही भाषांत समोरासमोर ठेवा आणि विचारा, मराठीतली कोणती गोष्ट इंग्रजीत सौम्य झाली, कोणती जास्त टोचते? या कामात घरी दोन-तीन बोली बोलणारं मूल शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा कच्चं पडत नाही, उलट पुढे असतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, तिच्यावर जरा थांबतो. जातीवरचं पुस्तक लावलं की आपण नकळत एक वाईट गोष्ट करतो: वर्गातल्या दलित मुलाकडे वळून विचारतो, 'तुझ्याकडे असं होतं का रे?' हे कधीही करू नका. तो विद्यार्थी म्हणून आलाय, साक्षीदार म्हणून नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, कदाचित वर्षाच्या शेवटी, कदाचित कधीच नाही. वर्गात एक नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा: आधी पान, मग मत. कुणीही बोलायला उठलं की पान क्रमांक सांगायचा, लेखिका तिथे काय म्हणते ते सांगायचं, त्यानंतर 'आमच्या गावात' सुरू करायचं. या नियमानं बोलणं तापलं तरी भरकटत नाही. कुणी 'आता असं काही राहिलं नाही' म्हणेल, त्यालाही गप्प करू नका. 'पुस्तकातली कोणती गोष्ट राहिली नाही, कोणती राहिली, दोन याद्या कर' एवढं काम द्या. पुस्तक लागण्याआधी प्राचार्यांना आणि संस्थेच्या मंडळींना विषय सांगून ठेवा. मागाहून कुणी प्रत हातात घेऊन आलं तर ते तुमच्या पाठीशी हवेत.

वेळेचं गणित. पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तासिका. दोन आठवडे चाळीसगावच्या प्रसंगाला, एक शेवटी उजळणीला, हातात उरले बारा. १८० पानं धरली तर आठवड्याला १५ पानं. एका पानाला पाच मिनिटं लागली तरी सव्वा तास. हे एसटीत, दुपारच्या रिकाम्या तासाला होण्यासारखं आहे. साडेतीनशे पानांचं पुस्तक घेतलं असतं तर हेच जवळपास अडीच तासांवर जातं आणि तिसऱ्या आठवड्यात वर्ग तुमच्या हातून सुटतो. पेपर विषम सत्रातच ठेवा. श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना दोन दिवस मोडतील, गणपती-नवरात्र आहेच, पण मुलं गावात असतात. सम सत्रात कामासाठी होणारं स्थलांतर आणि पुढे होळी आणि तिच्या आधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार, यात डोंगराकडची मुलं नेमकी पुस्तकाच्या मध्यावर तुटतात. ज्यांच्यासाठी हे पुस्तक निवडलं, तीच वर्गात नाहीत असं व्हायला नको.

निवड पक्की करण्याआधी माझ्या शब्दावर विसंबू नका, चाचणी घ्या. पुस्तकाचं मधलंच एक पान काढा. पहिलं पान नको, ते लेखकानं घासूनपुसून लिहिलेलं असतं. तीन मुलांना वेगवेगळं बसवून वाचायला द्या: एक हुशार, एक मधला, एक कधी न बोलणारा. किती शब्द अडले हे मोजू नका, किती शब्दांपाशी अर्थच थांबला ते बघा. वाचून झाल्यावर 'पुढे काय झालं?' असं कुणी विचारलं तर पुस्तक चालेल. स्वायत्त कॉलेजच्या अभ्यासमंडळावर एक माजी विद्यार्थी असतो, बैठकीत तो सहसा गप्प बसतो. त्याला ही प्रत आठ दिवस आधी द्या आणि त्याचं मत इतिवृत्तात येऊ द्या.

प्रतींचं. प्रत्येकानं विकत घ्यावं असा आग्रह नको. लायब्ररीच्या पुस्तकपेढीतून जितक्या प्रती निघतील तितक्या घ्या, दोघांत एक पुरते, फक्त जोड्या एका गावच्या किंवा एकाच होस्टेलच्या लावा. झेरॉक्सचं म्हणाल तर दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली अभ्यासक्रमासाठी केलेल्या उताऱ्यांच्या संचांना कॉपीराइट कायद्यातल्या शिक्षणाच्या सवलतीत जागा दिली. त्यावरून अख्खं पुस्तक छापून वाटावं असा अर्थ मी काढणार नाही. लेखिका-अनुवादिकेचं मानधन बुडवून हे पुस्तक शिकवणं मनाला पटतही नाही. बाबासाहेबांच्या मजकुराचेही हक्क तपासून घ्या. आपल्याकडे एरवी लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, पण निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, आणि हा मजकूर त्यांच्या निधनानंतरच छापला गेला.

गाईड आणि मोबाईलवरचा सारांश यांना घाबरून पुस्तक बदलू नका, प्रश्न बदला. 'लेखिकेच्या बालपणाचं वर्णन करा' असा प्रश्न आला की गाईड जन्माला येतंच. दर आठवड्याला एक चिठ्ठी घ्या: पान क्रमांक, एक वाक्य उतरवलेलं, आणि खाली दोन ओळी, हे मला पटलं किंवा पटलं नाही, का. इंग्रजी मोडकं असू द्या, या चिठ्ठ्यांवर लाल पेन चालवू नका, फक्त उलटा प्रश्न लिहून परत द्या. अंतर्गत गुणांचा मोठा वाटा या चिठ्ठ्यांना ठेवा. चाचणीला पुस्तक उघडं ठेवू द्या आणि विचारा, 'सुनांबद्दल लेखिका सुरुवातीला जे म्हणते आणि शेवटाकडे जे म्हणते, त्यात फरक पडतो का? दोन पानं दाखवून सांगा.' ज्यानं वाचलंय त्याला हे पंधरा मिनिटांचं काम आहे. न वाचणाऱ्याला उघडं पुस्तकही मदत करत नाही.

सत्राच्या शेवटी त्यांच्याकडून दोन पानं लिहून घ्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या एका कामाबद्दल. मिरचीची पथारी, जिनिंगमधली रात्रपाळी, रावेरकडे केळीची गाडी भरणं, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोड्यांचा सौदा. अट एवढीच की किमान एका माणसाशी बोलून लिहायचं आणि जे बघितलं नाही ते बघितलं म्हणून लिहायचं नाही. नॉनफिक्शन म्हणून छापलेलं सगळं खरंच असतं असं नाही, लेखकाला हे कुठून कळलं ते विचारायचं असतं. हा प्रश्न स्वतः लिहायला बसल्यावरच मुलांना पहिल्यांदा जाणवतो.

पुढच्या वर्षी पुस्तक बदला, नाहीतर चिठ्ठ्या खालच्या वर्गाकडे जातील. तेव्हा फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ सालचं आत्मकथन घ्या. गुलामीत जन्मलेल्या या माणसाला अक्षरओळख मालकिणीनं करून दिली, मालकानं ती थांबवली, मग त्यानं गल्लीतल्या गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकून घेतलं. त्या दोन पानांवर एक तासिका सहज जाते. अकरा प्रकरणं आहेत, आठवड्याला एक बसतं, फक्त दहावं फार लांब आहे, त्याला दोन आठवडे द्या. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे म्हणूनच पहिल्या वर्षी सुचवलं नाही. मजकूर फुकट उपलब्ध आहे. आणि अमेरिकेतली गुलामगिरी आपल्या मुलांना का वाचायला द्यायची असं कुणी विचारलं तर सांगा की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

पी. साईनाथ यांचं १९९६ सालचं 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. मोलाचं पुस्तक आहे, त्यातला झाबुआ तुमच्या डोंगराकडच्या मुलांना परका नाही. पण ते छोट्या छोट्या बातमीवजा लेखांचं जाड पुस्तक आहे. वेळेअभावी तुम्ही त्यातून निवड कराल आणि पुन्हा उताऱ्यांवर याल. ते तिसऱ्या वर्षाला लावा. बी. एस्सी.च्या सहकाऱ्यांना रेचल कार्सन यांचं १९६२ सालचं 'सायलेंट स्प्रिंग' सुचवा. सतरा प्रकरणं, कीटकनाशकांवर. कापूस-केळीच्या पट्ट्यातल्या मुलांकडे त्यावर बोलायला भरपूर आहे.

तुमच्यासारखंच काही करू पाहणाऱ्या, पण जळगावच्या विद्यापीठाचाच अभ्यासक्रम चालवणाऱ्या संलग्न कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी एक सांगतो. पेपर बदलणं तुमच्या हातात नाही, पण अंतर्गत मूल्यमापनाचं काम बरंचसं तुमच्या हातात असतं. तिथे एक छोटं पुस्तक बसवून बघा, आणि मुलांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे मागणी करताना त्या चिठ्ठ्यांइतकं बोलकं दुसरं काही नसतं.

मॅडम, तुमचं पहिलं काम मात्र प्रतींचं. प्रकाशकाकडून तालुक्याच्या गावी पुस्तकं यायला वेळ लागतो आणि मागणी प्राचार्यांच्या सहीसाठी पडून राहते. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ऑर्डर गेली तर जूनमध्ये वर्ग भरताना पुस्तकं टेबलावर असतील. आजच ग्रंथपालांना गाठा आणि मराठी 'जिणं आमुचं'च्या चार-पाच प्रतीही त्याच मागणीपत्रात घाला.